चीज ठेवा, पण फोडणीपासून लांब

अमळनेरहून एका ताईंचा प्रश्न आलाय. सासऱ्यांचं जुनं किराणा-डेअरीचं दुकान आता त्या बघतात. दिवाळीला पुण्या-मुंबईहून घरी आलेली पोरं दुकानात येऊन चीज मागतात आणि परत जाताना कळण्याचं पीठ, शेंगदाणे, लाल मिरची बांधून नेतात. नवरात्रापासून कार्तिकापर्यंत आपल्याकडे जो माल येतो त्याच्याशी कोणतं चीज जमतं, कोणतं जमत नाही, आणि किती भरावं म्हणजे फ्रिजमध्ये पडून राहणार नाही, असं त्यांनी विचारलंय.

ताई, जळगावात माझं दुकान चोवीस वर्षांचं आहे. पहिली दहा वर्षं चीज म्हणजे निळ्या टिनच्या डब्यातलं किंवा क्यूबमधलं, एवढंच ठाऊक होतं. त्यानंतर बराच माल फेकून, बरेच पैसे घालवून जे समजलं ते आधीच सांगून टाकतो: भाजलेलं, उकडलेलं, वाळवलेलं असेल तिथे चीज बसतं, जिथे फोडणी पडली तिथे ते मेलंच समजा. आपला काळा मसाला, लसूण आणि वरची तर्री जिभेवर अशी पसरते की खाली दोन वर्षं मुरवलेलं चेडर असलं तरी खाणाऱ्याला फक्त मीठ लागतं. म्हणजे गिऱ्हाइकानं एवढे पैसे मोजले ते मिठासाठी. पुढे जे सांगणार आहे ते बहुतेक याच एका गोष्टीचे फाटे आहेत.

आता शरदच का? तिकडे युरोपात शरद आणि चीज यांची जुनी सांगड आहे. उन्हाळाभर आल्प्सच्या कुरणांवर चरलेल्या गायी थंडी पडायच्या आधी खाली गावात आणतात आणि वर डोंगरात बनवलेली चीजची चाकंही त्यांच्याबरोबर उतरतात. आपल्याकडचं कारण वेगळं असलं तरी फार लांबचं नाही. म्हशी पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर जास्त व्यायतात, बांधावर हिरवा चारा असतो, म्हणून अश्विनापासून दूध वाढायला लागतं ते थंडी संपेपर्यंत. कोजागिरीला घरोघरी दूध आटवतात ते उगीच नाही. त्याच वेळी शेतातून बाजरी, उडीद, भुईमूग आलेला असतो, पाठोपाठ ज्वारी. धान्य नवं, दूध भरपूर, हे वर्षातून एकदाच जुळतं.

सगळ्यात आधी कळण्याची भाकरी. तुमच्या दुकानात पीठ असेलच. आमच्या घरी ज्वारी चार भाग आणि अख्खे काळे उडीद एक भाग, त्यात मीठ आणि थोडे मेथीचे दाणे घालून चक्कीवर दळून आणतात. काही घरांत ज्वारीऐवजी बाजरी घेतात, तीही चांगली. ही भाकरी नेहमीसारखी थापून तव्यावर भाजायची, निखाऱ्यावर फुगवायची, आणि मग काढायची घाई करायची नाही. चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची, कडा वाळून मोडल्या की ‘कट्’ असा आवाज आला पाहिजे. गॅसवर करणाऱ्यांनी तवा बारीक आचेवर ठेवून वरून पातेल्याच्या बुडानं दाबत दहा मिनिटं वाळवावी. गार झाली की तिचे बोटाएवढे तुकडे मोडायचे, पुसटसं लोणी लावायचं आणि वर मुरलेल्या चेडरची पातळ चकती. उडदाचा तो किंचित कडवट, धुरकट स्वाद आणि चेडरचा आंबट खारेपणा एकमेकांना धरून बसतात. बाजारात चीजसोबत खायची महागडी बिस्किटं मिळतात ती मी ठेवायची बंद केली, कारण हे त्यांच्यापेक्षा चांगलं लागतं आणि पीठ आपलंच आहे. गेल्या तीन दिवाळ्यांत मी वाळवलेल्या कळण्याच्या भाकरीची पाकिटं करून चेडरच्या शेजारी ठेवतो. एका ओळखीच्या मावशी करून देतात. पाकीट संपतं, चेडर उरतं, मग गिऱ्हाईक पुन्हा पाकिटासाठी येतं आणि चेडरही घेऊन जातं.

एकदा धरणगावकडचे एक आजोबा काउंटरवर उभे होते, नातवानं त्यांच्या तोंडात तो तुकडा घातला. बराच वेळ चघळून म्हणाले, “हाई तं खारं लोनी शे!” त्यांची चूक नव्हती. घट्ट, खारवलेलं, मुरवलेलं दूधच ते.

भरताचं वांगं जरा नाजूक प्रकरण. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीला आणि नवापूरच्या तूरडाळीलाही. फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं, बिया कमी, साल पातळ. दिवाळीच्या सुमारास बाजारात दिसायला लागतं, खरा जोर थंडीत. आणि आपल्याकडे किती घरांत चातुर्मासात वांगं-कांदा-लसूण बंद असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. काहींचं कार्तिकी एकादशीला सुटतं, काहींचं थेट चंपाषष्ठीला. त्यामुळे भरिताची जोडी दिवाळीच्या हातपत्रकात छापू नका, निम्मी गिऱ्हाइकं वाचूनच तोंड फिरवतील. ती कार्तिकी झाल्यावर काढा.

पण जोडी आहे, आणि माझ्या मते खानदेशातली सगळ्यात उत्तम तीच. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजली, काळी झाली, झाकून ठेवून त्यांना घाम फुटू दिला, साल काढली आणि गर लाकडी बडगीत घालून ठेचला, की फोडणीला जाण्याआधी एक क्षण असतो. त्या गोळ्यात अजून तेल नाही, कांद्याची पात नाही, दाणे नाहीत. नुसता धूर आणि गोडवा. तिथेच एक वाटीभर गर बाजूला काढायचा. त्यात मीठ, थोडी ठेचलेली हिरवी मिरची, आणि वर ताजं मऊ पनीर हातानं मोडून घालायचं. बाकीचं भरीत खुशाल फोडणीला जाऊ द्या, कळण्याच्या पुऱ्यांसोबत हाणा, त्याला माझी ना नाही. भरितावर किसलेलं क्यूब घालून देणारी हॉटेलं आता हायवेवर झाली आहेत. त्या ताटात चीज दिसतं तेवढंच, चव कशाचीच धड राहत नाही.

मऊ पनीर म्हणताना माझ्या मनात सुरती पनीर असतं. नेहमीचं पनीर दूध फाडून करतात, लिंबू नाहीतर व्हिनेगर घालून. सुरती पनीर म्हशीच्या दुधाला रेनेट, म्हणजे दूध जमवणारं एन्झाइम, लावून जमवतात, लहान टोपल्यांत निथळवतात आणि त्याच्याच खारट निवळीत बुडवून ठेवतात. पारशी लोक त्याला ‘टोपली नु पनीर’ म्हणतात. ते जिभेवर विरघळतं, आपल्या पनीरसारखं दाताखाली कचकच करत नाही. आणि सुरत आपल्याला काही परदेश नाही. सुरत-भुसावळ गाडी नंदुरबार, अमळनेर करतच जळगावला येते. तुमच्याकडून कोणी ना कोणी दर आठवड्याला सुरतेला कापड आणायला जातच असेल. थर्मासच्या डब्यात बर्फ घालून दोन किलो आणवून बघा. तीन-चार दिवसांत संपवावं लागतं, म्हणून आधी ऑर्डर घेऊन, मोजूनच.

इथे माझ्याच नियमाला एक सवलत द्यावी लागते. ताजं, न मुरवलेलं पनीर तिखटासोबत चालतं. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो, आणि दुधातलं केसीन नावाचं प्रथिन तो जिभेवरून उचलून नेतं. तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही, ताक-दूध प्यायलं की होतो, तो याचमुळे. म्हणून नंदुरबारच्या लाल मिरचीची लसूण घालून वाटलेली चटणी आणि सुरती पनीर, ही जोडी बेलाशक ठेवा. इथे पनीरला स्वतःची अशी मोठी चव नसतेच, ते मिरचीच्या हाताखाली काम करतं. मुरलेलं चीज असं कोणाच्या हाताखाली राहत नाही.

ओल्या भुईमुगाच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून ठेवल्या की त्यांच्याशी गाऊडा. हे डच चीज. करताना दह्याच्या गाठींमधलं काही पाणी काढून त्या जागी गरम पाणी घालतात, त्यामुळे दुधातली साखर बरीच निघून जाते, आंबटपणा कमी राहतो आणि चीज गोडसर, लोण्यासारखं होतं. उकडलेल्या शेंगदाण्याचा कच्चट गोडवा आणि हे, दोघांचं पटतं. गाऊडा वर्ष-दीड वर्ष मुरलेला असेल तर त्यात पांढरे कडक कण लागतात. ते टायरोसिनचे स्फटिक, चीज चांगलं मुरल्याची खूण. मला एक बाई तुकडा परत द्यायला आल्या होत्या, “भाऊ, यात रेती आहे.” त्यांना तो कण बोटावर घेऊन चावायला लावला तेव्हा पटलं. तुम्ही विकतानाच सांगून टाका, म्हणजे परत येणार नाही.

गंगाफळ, म्हणजे शहरात ज्याला लाल भोपळा म्हणतात ते, पंगतीची भाजी म्हणून आपल्याला पाठ आहे. पण त्याच्या जाड फोडी साल ठेवून, नुसतं तेलाचं बोट लावून तव्यावर किंवा चुलीत भाजल्या आणि वर खाऱ्या पाण्यात ठेवलेलं फेटा चीज चुरडलं, तर कोणालाही आवडतं. ग्रीसमध्ये फेटा मेंढीच्या, काही प्रमाणात शेळीच्या दुधाचं करतात. इथे त्या नावाखाली मिळतं ते बहुतेक गायीच्या दुधाचं. खारटपणा जास्त वाटला तर दहा मिनिटं साध्या पाण्यात ठेवून घ्यायचं. (आमच्याकडे पहिल्यांदा “फेटा आहे का” असं कोणी विचारलं तेव्हा पोऱ्यानं समोरच्या लग्नाच्या सामानाच्या दुकानाकडे बोट दाखवलं होतं.) हाच फेटा उकडलेल्या शिंगाड्यावर चालतो, वर मिरपूड. शिंगाडा नवरात्रात खूप खपतो, म्हणून लगेच प्रश्न येतो, चीज उपासाला चालतं का. मी उत्तर देत नाही. लिंबानं फाडलेलं पनीर बऱ्याच घरांत चालतं, रेनेटचं चीज बऱ्याच घरांत चालत नाही. ज्याच्या त्याच्या सासूला विचारावं.

सीताफळाबद्दल पोरं फार उत्साहात असतात. सातपुड्याच्या पायथ्याची लहान फळं गोड असतात, पण सीताफळ आणि मुरलेलं चीज हे एकत्र येत नाही, मी चार प्रकारे करून पाहिलं. गर तापवला तर कडू होतो, त्यामुळे वितळलेल्या चीजचा प्रश्नच मिटला. फक्त घट्ट बांधलेला चक्का, थंडगार, साखर न घालता, त्यावर बिया काढलेला गर. संपलं.

केळीवर मात्र थांबतो, कारण रावेर-यावल-सावदा पट्ट्यात राहून केळीकडे दुर्लक्ष केलं तर लोक हसतील. पिकलेलं पण अजून कडक केळं उभं चिरायचं, तव्यावर चमचाभर तुपात कडा तांबूस होईपर्यंत परतायचं आणि उतरवायच्या आधी वर खाऱ्या चीजच्या पट्ट्या ठेवून झाकण ठेवायचं. ब्राझीलमध्ये केळं आणि चीज असं सर्रास खातात, आपल्यालाच ते सुचलं नाही. कोणीतरी हमखास म्हणेल की केळं आणि दूध विरुद्ध अन्न. आमचे एक वैद्य गिऱ्हाईक तर त्याहून पुढे जातात: शरदात पित्त खवळलेलं असतं, या दिवसांत खारट-आंबट कमी करावं, दूध-तूप घ्यावं, आणि तुम्ही चीज विकताय! मी त्यांना कोजागिरीला आटवलेलं दूध पाजतो आणि वाद मिटतो. पण त्यांचं एक मी घेतलंय. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी चीज चाखायला देत नाही, संध्याकाळी देतो. आणि तुकडे लहान देतो.

कच्च्या केळीचे वेफर्स तर तुमच्याकडे असणारच, मीठ-मिरपुडीचे. चक्क्यात किसलेलं चेडर आणि थोडी जिरेपूड घालून घट्ट मिश्रण करा, वेफर त्यात बुडवून द्या. पोरांना तेच सगळ्यात जास्त आवडतं. तिखट-लाल मसाला मारलेले वेफर्स घेऊ नका, कारण पहिल्या परिच्छेदांतच सांगितलंय.

पेरू कार्तिकात यायला लागतो. स्पेनमध्ये मेंढीच्या दुधाच्या मान्चेगो चीजसोबत क्विन्स नावाच्या शरदातल्या फळाची घट्ट वडी खातात. क्विन्स आपल्याला कुठे मिळणार? पण पोर्तुगीजांनी आणलेल्या पेरूची तशीच वडी गोव्यात करतात, तिला ‘पेराद’ म्हणतात. इंग्रजीत तिचं नाव गंमत म्हणजे ‘पेरूचं चीज’, दूध थेंबभर नसताना. जास्त पिकलेले पेरू उकडून चाळणीतून गाळायचे म्हणजे बिया राहतात, किलोभर गराला पाऊण किलो साखर, जाड बुडाच्या कढईत हलवत राहायचं. गोळा कडा सोडायला लागला, उलथनं फिरवल्यावर मागे कढईचा तळ दिसायला लागला, की लिंबू पिळून तूप लावलेल्या ताटात पसरायचं. दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या. मुरलेलं चेडर आणि या वडीचा तुकडा एकत्र तोंडात घातला की आधी साखर, मग पेरूचा आंबट वास, मग मागून मीठ येतं. बटर पेपरात गुंडाळून महिनाभर सहज टिकते. दुकानासाठी याच्याइतकी फायद्याची वस्तू मला दुसरी सापडली नाही, कारण पडून राहिलेले, डाग पडलेले पेरूच यासाठी चांगले.

मोहाची फुलं शरदातली नाहीत, चैत्राच्या आसपासची, पण धडगाव-अक्कलकुव्याकडचे लोक ती वाळवून वर्षभर ठेवतात. तव्यावर कोरडी भाजली की बेदाण्यासारखी चिकट आणि गोड होतात, वास मात्र बेदाण्याहून दाट. चार फुलं आणि गाऊडाचा तुकडा. ज्यांना माहीत नाही त्यांना आधी खायला द्या, नाव नंतर सांगा, नाहीतर उगाच दारूच्या गप्पा सुरू होतात.

जमत नाही ते थोडक्यात. शेवभाजीवर चीज: नाही. पुरणपोळी, मांडे यांच्यासोबत: नाही, तिथे तूप पुरे. फराळातल्या लाडू-करंजीसोबत काहीच नको. पण चकलीला मी अपवाद करतो, तळलेली असली तरी कोरडी असते, आणि भाजणीच्या खमंगपणाला चेडर छान धरतं. शेवेचं म्हणाल तर बारीक पिवळी शेव क्रीम चीजवर भुरभुरून पोरं खातात, मी बघत नाही.

आता दुकानाचं. पहिल्या वर्षी चारच प्रकार घ्या: प्रोसेस्ड ठोकळा, कारण तो विकला जातोच, मुरलेलं चेडर, साधं गाऊडा, आणि फेटा. सुरती पनीर ऑर्डरीनुसार. प्रोसेस्डला नाक मुरडू नका. चेडरसारखं चीज वितळवून त्यात सायट्रेट-फॉस्फेटचे क्षार घालतात म्हणून ते तापवल्यावर तेल न सोडता एकजीव राहतं; लहान मुलांच्या गरम भाकरीत तेच बरं. फक्त ते आणखी मुरत नाही, जसं आणलं तसंच राहतं. घेताना लेबल वाचा. ‘अ‍ॅनालॉग’ लिहिलेलं म्हणजे त्यात दुधाच्या स्निग्धाऐवजी पाम किंवा दुसरं वनस्पती तेल आहे. ठोकळा तसाच दिसतो, भाव निम्मा असतो, आणि होलसेलवाला कौतुकानं पुढे करतो. ते चीजच्या शेजारी चीज म्हणून ठेवणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूकच आहे.

रेनेटचंही वाचा. आपल्याकडे जैन, गुजराती, माळकरी गिऱ्हाईक मोठं. भारतात बनणारं बहुतेक चीज सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या रेनेटचं असतं आणि त्यावर हिरवा ठिपका असतो. पण पार्मेजानो किंवा रॉकफोर्ट ही परंपरेनं वासराच्या, कोकराच्या पोटातल्या रेनेटनं करतात. कोणी पाहुणा परदेशातून घेऊन आला आणि तुम्हाला विचारलं, तर खरं सांगा. एकदा खोटं पडलात की त्या घरातून परत कोणी येत नाही, आणि आपल्या गावात घरं मोजकीच आहेत.

ठोकळा कापून विकायचा विचार असेल तर तुमच्या फूड लायसन्समध्ये रिपॅकिंग येतं का ते आधी पाहून घ्या. मी 100 ग्रॅमचे तुकडे करतो, त्याहून मोठे नाही. दिवाळीला लोक चाखायला घेतात, साठवायला नाही. कापायला सुरी नको, तार वापरा. तुकडा आधी बटर पेपरात, मग सैल डब्यात. थेट प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं की घाम सुटतो आणि वरून चिकट होतं. फ्रिज 4 ते 6 अंशांवर. किराणा दुकानात खरा शत्रू मात्र वास. चीज वास ओढून घेतं. माझ्या पहिल्या दिवाळीला मी जागा नाही म्हणून फ्रिजच्या वरच्या कप्प्यात चीज आणि खाली उन्हानं मऊ पडू नये म्हणून धूपाच्या कांड्या ठेवल्या होत्या. भाऊबीजेला एक ओळखीचे गृहस्थ आले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “शेठ, चीज चांगलं आहे, पण खाताना हात जोडावेसे वाटतात.” चार किलो चेडर घरी नेऊन संपवलं. महिनाभर घरात कोणी माझ्याशी नीट बोललं नाही.

त्यापुढच्या वर्षी एका होलसेलवाल्याच्या आग्रहानं निळं चीज घेतलं. निळ्या-हिरव्या बुरशीच्या शिरा असतात ते. दोन तुकडे विकले गेले आणि दोन्ही परत आले, एक तर नगरपालिकेत तक्रार करायच्या धमकीसकट. तेव्हापासून नाही. पण गिऱ्हाइकानं बुरशीबद्दल विचारलं तर हे सांगा: चेडर-गाऊडासारख्या कडक चीजवर कुठे बुरशीचा ठिपका आला तर त्याच्या भोवती आणि खाली इंचभर कापून टाकावं, सुरी ठिपक्याला लागू न देता, उरलेलं खाता येतं. मऊ, ओलं, किसलेलं चीज किंवा पनीर असेल तर सगळंच टाकावं.

खायच्या आधी चीज फ्रिजबाहेर काढून ठेवावं असं सगळे लिहितात, अर्धा-पाऊण तास. ते थंड देशातलं गणित. आपल्याकडे ऑक्टोबरात वीस मिनिटं बस्स. त्याहून जास्त ठेवलं तर चेडरला तेल सुटतं आणि ताटात घामेजून बसतं.

किती भरावं याचं माझं गणित असं: पहिल्या वर्षी दसऱ्याला दोन किलो चेडर, एक किलो गाऊडा, एक किलो फेटा. किती गेलं ते वहीत लिहा, आणि धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधी तेवढंच पुन्हा मागवा, दुप्पट नाही. लोड जास्त असल्यानं दिवाळीत लाइट जाते, आणि इन्व्हर्टरवर फ्रिज ओढत नाही. एका लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या भागाची लाइट अकरा तास नव्हती. त्या वर्षी मी जास्त भरलं होतं.

चाखायला देणं वसुबारसेच्या आधीच्या शनिवार-रविवारी सुरू करा. वसुबारसेला काउंटरवर चीजचं ताट ठेवू नका. त्या दिवशी कितीतरी बायका गायीचं दूध आणि दुधाचे पदार्थ खात नाहीत, आणि नेमक्या त्याच दिवशी बाजाराला निघालेल्या असतात. त्या दिवशी फक्त पेरूची वडी आणि उकडलेल्या शेंगा ठेवा.